आत्याचं पहिलं बोट

माझा भाचा दिपेश पेंटर आहे, आणि त्याच्याबद्दल कोणी वाकडं बोललं की माझं डोकं फिरतं, हे आधीच सांगून ठेवते. माझ्या भावाचा पोर. आईबाप गेले तेव्हा आठवीत होता, तेव्हापासून माझ्या घरी वाढला. आज एकोणचाळीसचा घोडा झालाय. ठाण्याच्या खाडीकाठच्या आमच्या कोळीवाड्यात होड्यांवरची नावं त्याच्या हातची, आणि लग्नघरांच्या भिंती तर सगळ्याच त्याच्या.

आमच्यात लग्न ठरलं की घराची पुढची भिंत रंगवतात. वर गणपती, दोन बाजूंना केळीचे खांब, मध्ये नवरा-नवरी, खाली नावं आणि तारीख. पण त्याआधी आत्या हळदीचं पहिलं बोट लावते. आत्याचं बोट नसेल तर ते नुसतं चित्र, लग्न नाही. आणि बोट लागलं की त्या घरातलं पुढचं लग्न होईपर्यंत भिंत कोणी पुसत नाही. मग ऊन खावो, पाऊस खावो.

दोन वर्षांपूर्वी ठाण्यात एक मोर्चा निघाला, पोरांना पोरं आवडतात, पोरींना पोरी, त्या लोकांचा. त्याचे बोर्ड दिपेशने रंगवले, आणि सुशांतचा हात धरून पुढे चालला. सुशांत खोपटच्या एसटी डेपोत मेकॅनिक, मूळचा खडवलीचा. गेली अकरा वर्षं दोघं एका घरात राहतात. मी त्याला 'दिपेशचा मित्र' म्हणायची. मांजर डोळे मिटून दूध पितं ना, तसं. मोर्चाचा फोटो वाड्यातल्या प्रत्येक मोबाइलवर फिरला आणि माझे डोळे उघडावे लागले.

त्या वर्षी वाड्यात सात लग्नं झाली. एकाचीही भिंत दिपेशला मिळाली नाही. असल्या हाताने लग्नाचा गणपती काढायचा का, असं मंडळाचा अध्यक्ष दामाजी बोलला, आणि सगळ्यांनी कल्याणहून फ्लेक्स छापून आणले. फ्लेक्सवर हळद लावायची कुठे, हे मात्र कोणी विचारलं नाही.

दिपेश गप्प बसणारा नाही. तो माझ्याकडे आला, म्हणाला, आत्या, आमच्या घराची भिंत रंगवतोय, बोट लावायला ये. मी म्हटलं, अरे, कायद्यात तरी बसतं का हे? तो म्हणाला, "कोर्टाचं कोर्ट बघेल. भिंत माझी आहे." मी गेले नाही. त्याने माझ्याविनाच काढली. गणपती, केळीचे खांब, मध्ये दोन नवरे. खाली चि. दिपेश, चि. सुशांत, आणि दोघं पहिल्यांदा डेपोत भेटले ती तारीख.

आता माझी लाज सांगते. माझी नात सान्वी, तिला बघायला पाहुणे येणार होते, आणि रस्ता दिपेशच्या दारावरून. दोघं कामाला गेलेले. भर दुपारी मी चुन्याचं डबडं घेऊन गेले आणि भिंत पांढरी केली. पाहुणे आले, चहा पिऊन, पोरगी पसंत करून गेले. मी मात्र चुन्याचे हात तीनदा घासून धुतले. खाई त्याला खवखवे.

संध्याकाळी दिपेश आला. मला वाटलं, वाड्यातल्या टवाळ पोरांवर संशय घेईल. त्याने एवढंच म्हटलं, "टवाळांनी पुसलं असतं तर सगळंच पुसलं असतं. गणपती सोडून चुना फासला, तो आत्यानेच." खरं होतं ते. देवावर चुना फिरवायला हात धजला नव्हता माझा. सान्वीला कळलं तेव्हा ती चार दिवस माझ्याशी बोलली नाही. मग म्हणाली, माझ्या लग्नाची भिंत दिपेशकाका रंगवणार नसेल तर कोरीच राहू दे.

दिपेशने तर चुना फासल्याच्या दुसऱ्याच दिवशी पुन्हा रंग कालवला. तेच दोन नवरे, तीच तारीख. फक्त गणपतीच्या पायाशी वीतभर जागा कोरी सोडली. ती कशाला, असं लोक विचारायचे. तो सांगायचा नाही. मला माहीत होतं, आणि म्हणून मी त्या गल्लीतून जायचंच टाळत होते.

मग समोरची रखमाबाई उठली. तिच्या भिंतीवर थोरल्याच्या लग्नाचं चित्र. धाकटं लेकरू टिटवाळ्याला भाड्याच्या खोलीत. जन्मलं तेव्हा मुलगा म्हणून बारसं केलं, आता ती करिश्मा आहे, आणि भावाच्या लग्नात तिला मांडवात उभं केलं नव्हतं. रखमाबाईने दिपेशला तिचा फोटो दिला. त्याने नवऱ्याच्या मागे कलश घेतलेली करवली काढली, हुबेहूब करिश्मा. करिश्मा बघायला आली आणि भिंतीला गाल लावून रडली. रखमाबाईही रडली, मग दोघींनी मिळून कोलंबी साफ केली. आठवड्यात आणखी दोन घरांनी आपली वगळलेली माणसं भिंतीवर काढायला दिपेशला बोलावलं.

दामाजीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मंडळाची बैठक बसली, दिपेशने नव्याने काढलेलं, आत्याचं बोट न लागलेलं सगळं रविवारी पुसायचं ठरलं. सुरुवात दिपेशपासून.

रविवारी सकाळी मी लुगडं नेसले आणि वाटीत हळद कालवून गेले. गल्ली माणसांनी भरलेली. दिपेश आणि सुशांत भिंतीला पाठ लावून उभे. दामाजीने मला पाहिलं आणि चुन्याचा कुंचला माझ्यापुढे धरला.

"पहिला हात तूच मारलास, जनाबाई. आताही तूच मार."

म्हणजे त्यालाही माहीत होतं. सगळी गल्ली माझ्याकडे बघायला लागली. कानशिलं तापली माझी, पण वाटलं, बरं झालं, एकदाचं उघड्यावर आलं.

"हो, मीच पुसलं होतं," मी म्हटलं. "माझ्या पोराचं लग्न मी माझ्या हाताने पुसलं."

कुंचला घेतला आणि त्याच्याच चुन्याच्या बादलीत टाकला. दिपेशला बाजूला सारलं. वाटीत बोट बुडवलं आणि त्या वीतभर कोऱ्या जागेत टेकवलं. हळद पातळ कालवली गेली होती, ती खाली ओघळली.

"आत्याचं बोट लागलं, दामाजी. आता हे चित्र नाही, लग्न आहे. पुसायचं असेल तर या घरातलं पुढचं लग्न ठरव आणि मग ये."

दामाजी रीत मोडणारा माणूस नाही, रीतीवरच तर त्याची अध्यक्षकी चालते.  तो बादली उचलून घरी गेला. समोरून रखमाबाई ओरडली, जनाबाई, ती वाटी इकडे आण, माझ्या पोरीची आत्या वारलीय.

दिपेश मान खाली घालून उभा होता, सुशांतने त्याच्या खांद्यावर हात ठेवलेला. डोळे पुसून दिपेश भिंतीजवळ गेला, पेंटरच तो.

"आत्या, बोट वाकडं लागलंय. नीट करू?"

"हात लावू नकोस," मी म्हटलं. "आता ते तुलाही पुसता यायचं नाही."