डॉरथीच्या बागेवरची शाळा

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही—बायकोलासुद्धा नाही. आणि तुम्हीही माझ्यावर फार विश्वास ठेवू नका. अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या आमच्या मराठी मंडळात मी नंबर एकचा थापाड्या. मिशिगनचा बर्फ माझ्या तोंडून पडला की थेट छपरापर्यंत जायचा. लोक हसायचे, मी आणखी पाडायचो.

पण ही थाप मंडळात मारलेली नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमच्या घरामागे डॉरथी नावाच्या म्हाताऱ्या विधवेची सफरचंदांची बाग होती. एक दिवस ती स्कूल डिस्ट्रिक्टचं—तिथल्या शाळा चालवणाऱ्या सरकारी खात्याचं—पत्र घेऊन आली. नव्या शाळेसाठी जमीन हवी होती.

"तू इंजिनिअर आहेस ना? नीट वाच. मला ही माणसं लबाड वाटतात."

लबाड! मलाही तसंच वाटलं—म्हणून तीनदा वाचलं. आणि होतं काय त्यात? आम्ही दोन जागा पाहत आहोत. विकायची इच्छा असेल तर कळवा. बस्स. नाही म्हणायला एक ओळ पुरली असती.

दुसरी जागा हायवेपलीकडे होती. आणि माझी मुलगी—सहा वर्षांची—रोज तासभर स्कूलबसमध्ये.

मग मी डॉरथीला माझ्या मामांची गोष्ट सांगितली. गावाकडे धरणासाठी जमिनीची नोटीस आली, मामा नाही म्हणाले, आणि दुसऱ्याच दिवशी सरकारनं पोलीस पाठवले, बुलडोझर पाठवला, आणि—राहवेना मला—हत्ती पाठवले.

"हत्ती?"

"दोन. सरकार सगळीकडे सारखंच, डॉरथी. सही करून टाक."

खरं काय होतं, सांगू? मामांनी हरकत घेतली, कचेरीत हेलपाटे घातले, आणि जमीन राखली. मरेपर्यंत तिच्यात भुईमूग काढला त्यांनी.

डॉरथीनं सही केली.

"अहो, ती पत्र घेऊन आली होती ना? काय सांगितलंत तिला?" बायकोनं विचारलं.

"लिहिलं होतं तेच."

तिनं पुढे काही विचारलं नाही. का नाही विचारलं—ह्याचा मी अजून विचार करतो.

बहिणीकडे ओहायोला निघाली त्या सकाळी डॉरथी बागेतल्या सफरचंदांच्या मुरंब्याची—ॲपल बटरची—बरणी घेऊन दारात उभी. "बाकीचे सगळे गोड बोलत होते. खरं तू एकट्यानंच सांगितलंस." आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली—जरा जास्तच वेळ. तिला कळलं होतं का? की शेवटची संधी देत होती मला?

मी बरणी घेतली. थँक यू म्हणालो.

झाडं तोडली त्या दिवशी मी घरीच होतो. मुलगी पुढे पाच वर्षं त्या शाळेत पायी गेली. मागच्या दारातून चार मिनिटं.