हवाटोल्याचं बुकिंग

ऑफिसातले किस्से म्हणजे ड्रॉवरमधले रबरबँड. कुणी मुद्दाम जमवत नाही. पण एक ओढलं की चार गुंतून बाहेर येतात! आमच्या वडशाच्या ऑफिसातलं असंच एक ओढतो.

दोन हजार दोन-तीनचा सुमार. झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांसाठी आम्ही बुकिंगचा कॉम्प्युटर प्रोग्राम केला होता. कोणतं गाव, कोणती तारीख, कोणतं नाटक. आमचे शब्बीरभाई तो हातानं तपासायचे. एकेक बटण दाबून, मुद्दाम चुकीचं टाइप करून. अशात चिमूरकर साहेबांनी एक सीडी आणली. माणसाशिवाय टेस्टिंग करणारं टूल! सोबत पुण्याचा इंजिनिअर, निखिल.

"हे टूल पास झालं की शब्बीरभाई, तुमची बदली भामरागडच्या कॉम्प्युटर क्लासवर," साहेबांनी जाहीर केलं.

भामरागड! पावसाळ्यात रस्ता बंद झाला की घर दिसायचं नाही.

"पोरगी यंदा दहावीले हाय, साहेब," शब्बीरभाई एवढंच बोलले.

*

पहिल्याच दिवशी निखिलचा चेहरा पडला. "तुमचा प्रोग्राम फार जुना आहे हो. टूलच्या यादीतच नाही. त्याला खिडकी दिसते, पण आतली बटणं दिसत नाहीत. सगळं मिळून एक चित्र दिसतं."

"म्हंजे पाव्हना आंगनातच उभा हाय," शब्बीरभाई म्हणाले. "घरात कोन हाय, त्याले मालूमच नाई!"

*

मग निखिलनं तोड काढली. बटण दिसत नसेल तर जागा सांगायची. डावीकडून इतकं, वरून इतकं, तिथं क्लिक. सकाळभर छान चाललं. दुपारी मी प्रोग्रामची खिडकी जराशी सरकवली. (खोटं कशाला बोलू, मुद्दाम!) टूलनं ठरल्या जागी क्लिक केलं. आता तिथं होता पत्त्यांचा गेम. डाव उघडला, आणि नेमके साहेब मागे उभे!

"आल्या आल्या पत्ते खेळून राह्यला," शब्बीरभाई हळहळले. "हा पर्मनंट होनार, साहेब!"

*

स्क्रीनवरची अक्षरं वाचायची सोय टूलमध्ये होती म्हणे. पण आमचा मराठी फॉन्ट जुन्या पद्धतीचा. वर दिसायची मराठी, आत भरलेली इंग्रजी अक्षरं. 'जतन करा' हे टूलनं असं काही वाचलं, की कुणी कीबोर्डवर शिंकलं असावं.

"ही कुठली भाषा?" निखिलनं विचारलं.

शब्बीरभाईंनी चष्मा चढवला. "बराबर हाय. पुन्याच्या लोकायले आमची मराठी अशीच आयकू येते!"

*

एकदा आम्ही जेवायला गेलो आणि मागे प्रोग्राम बंद पडला. टूलला पत्ता नाही! त्या मशीनच्या वॉलपेपरवर वाघ होता. तासभर टूल त्या वाघाच्या नाकावर क्लिक करत राहिलं. क्लिक झालं की त्याच्या लेखी काम झालं. आम्ही परत आलो तर रिपोर्ट तयार: सगळं पास!

"असं कसं?" मी म्हणालो.

"वाघाले नापास कोन करन?" शब्बीरभाई म्हणाले.

हसलो खरे, पण साहेबांनी तेवढा 'पास'च वाचला. "शब्बीरभाई, सामान बांधा. एक शेवटची टेस्ट झाली की निघायचं."

दुसऱ्या दिवशी शब्बीरभाईंनी डबा न उघडताच परत नेला.

*

शेवटची टेस्ट साहेबांनी खऱ्या बुकिंगच्या मशीनवर लावली. तपासणीसाठी शब्बीरभाई नेहमी 'हवाटोला' हे गाव टाकायचे. मनानंच पाडलेलं नाव. काम झालं की बुकिंग रद्द करायचे. टूलनंही हवाटोला टाकलं. पण रद्द करताना 'नक्की?' असं विचारणारी एक छोटी खिडकी यायची. ती काही टूलला दिसली नाही. बुकिंग तसंच राहिलं, आणि आठवड्याची यादी छापून नाटक कंपनीकडे गेली!

त्या शनिवारी कंपनीतून फोन आला. "गाडी निघाली हवाटोल्याले. पडदे, पेटी, पंचवीस कलाकार!"

"साहेब, ते गावच नाई," शब्बीरभाई म्हणाले. "ते मी बनवलं."

साहेब घामाघूम. सीडी कपाटात गेली, निखिल संध्याकाळच्या गाडीनं गेला. "शब्बीरभाई, तुम्ही आता कुठंही जायचं नाही! कंपनीवाले मारायला आले तर तुम्हीच पुढं उभं राहा," साहेब म्हणाले.

सोमवारी कंपनीचे मॅनेजर वासुदेवभाऊ दारात दिसले. साहेब चपळाईनं कपाटामागे!

वासुदेवभाऊंनी टेबलावर पेढ्यांचा पुडा ठेवला.

"काय गाव हाय राजेहो! मंडपात पाय ठेवाले जागा नाई! पुढच्या सालची तारीख आत्ताच लिवा." आणि खिशातून कागद काढला. खाली सरपंचाची सही, गोल शिक्का: हवाटोला.

मी शब्बीरभाईंकडे पाहिलं. ते कीबोर्ड पुसत होते.

जाता जाता वासुदेवभाऊ वळले. "अन् हो, शब्बीरभाई, गाववाल्यायनं तुमाले सलाम सांगतला. पोरीचा अभ्यास कसा चालू हाय म्हनून इचारत होते."

शब्बीरभाईंनी शांतपणे पुडा सोडला आणि कपाटाकडे पाहून म्हणाले,

"पेढा घ्या, साहेब."