हिरव्या ठिपक्याचा छडा

त्यांचं आडनाव काळोखे नव्हतं. पण चोवीस वर्षं फोटो स्टुडिओच्या डार्करूममध्ये काढलेल्या माणसाला प्रयोगशाळेतल्या मुलांनी पहिल्याच आठवड्यात ते चिकटवलं, आणि त्यांनीही मुकाट्याने लावून घेतलं. स्टुडिओ बंद पडल्यावर मेहुण्याच्या ओळखीने मिळालेली ही नोकरी. काचेच्या पट्ट्या धुवायच्या, वाळवायच्या, डब्यांवर चिठ्ठ्या लावायच्या.

त्या पट्ट्यांवर कार्बनी पदार्थांचे ट्रान्झिस्टर बनत. पातळ थरात एक खास रेणू मिसळलेला असे. अतिनील प्रकाश पडला की तो रूप पालटून वीज अडवून धरी. हिरवा प्रकाश पडला की वाट मोकळी करी. अंधारात मात्र त्याने होता तसाच राहायचं. नेमका तिथेच तो दगा देत होता. संध्याकाळी बंद करून मोजणीच्या झाकणबंद पेटीत ठेवलेला ट्रान्झिस्टर सकाळी अर्धामुर्धा चालू झालेला असे. चार महिने प्रमुख मॅडम हैराण होत्या. रेणूच कच्चा, असं ठरत आलं होतं; तीन वर्षांचं काम गुंडाळायची वेळ आली होती.

एका दुपारी काळोख्यांनी मॅडमना विचारलं, मोजणीच्या खोलीत तासभर दिवे बंद करून बसू का. स्टुडिओत फिल्म धुरकट यायला लागली की उजेड कुठून शिरतोय ते शोधायला ते हेच करायचे. मॅडमनी खांदे उडवले आणि हो म्हटलं.

पाऊण तासाने त्यांनी मॅडमना आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. मोजणीच्या पेटीचं झाकण उघडं होतं. मॅडमना काहीच दिसेना.

"बसा जरा. डोळ्यांना वेळ द्या."

बऱ्याच वेळाने त्यांना पेटीच्या आत, कोपऱ्यात, मोहरीएवढा ठिपका दिसला.

"हा तर यंत्र चालू असल्याचा दिवा," मॅडम म्हणाल्या.

"हो. पण हिरवा आहे ना."

मॅडम पेटीवर वाकल्या. तो दिवा त्यांनीच हौसेने बसवून घेतला होता.

काळोख्यांनी त्यावर काळी टेप चिकटवली. पुढचे तीन दिवस विजेच्या मोजणीचा आकडा जागचा हलला नाही. रेणू चोख निघाला. मग मॅडमनी नियमच केला: नवं यंत्र आलं की आधी काळोख्यांनी अंधारात बसून ते तपासायचं. काचा धुणं दुसऱ्याकडे गेलं.

घरी जेवताना त्यांनी हे सांगितलं, तेव्हा बायकोने एवढंच विचारलं, की तासभर काळोखात बसून झोप कशी नाही लागली.

"लागली होती थोडी," ते म्हणाले.