तीनदा जुळलेलं घर

"कथा नको, बाई. खूण करा."

हे म्हणताना सर पेनाचं टोपण टेबलावर दोनदा वाजवायचे. टक टक. समोर आम्ही तिघी पाहणीवाल्या, दिवसभर बायकांचं ऐकून डोकं जड झालेलं. एखादीनं "सर, आज एक बाई म्हणाली..." अशी सुरुवात केली की टोपण वाजलंच. मग आम्ही छापील फॉर्मवर मुकाट्यानं खुणा करायचो. मारहाण : होय. किती वेळा : कधीकधी. कारण : किरकोळ.

हा 'किरकोळ' सरांनी स्वतः घातला होता.

सर निवृत्त प्राध्यापक. बायकांवरच्या अत्याचारांचे अभ्यासक म्हणून त्यांचं नाव मोठं. कोल्हापुरात एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर त्यांच्या प्रकल्पाचं ऑफिस होतं. नवऱ्याच्या माराला कंटाळून समुपदेशन केंद्रात येणाऱ्या बायकांचं पुढं काय होतं ते आम्ही बघायचं, आणि सरकारनं काय करावं ते सरांनी लिहायचं, असं काम. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. भाषणात 'माझ्या भगिनींनो' म्हणताना याचा गळा दाटून येतो आणि ऑफिसात भगिनीला खुर्ची कमी पडली तर हा आपली सोडत नाही. एका महिला दिनाला सरांनी आम्हाला स्वतःच्या हातानं चहा करून पाजला. त्या चहाची हकीकत पुढं वर्षभर येईल त्या पाहुण्याला ऐकवली. कपबश्या मी विसळल्या होत्या, ते हकिकतीत नसायचं.

केंद्रात एक रीत होती. नवराबायकोचा समेट झाला की तिथल्या समुपदेशक बाई त्या बाईची ओटी भरायच्या. खण, नारळ, तांदूळ. लेकीला सासरी धाडावं तसं तिला नांदायला धाडायचं. सरांना ही रीत फार भावली. "हे आपलं कोल्हापुरी मॉडेल!" ते म्हणाले आणि दर ओटीचा फोटो काढायला लावला. अहवालात यशाचं माप एकच ठरलं : घर जुळलं. घरी गेल्यावर त्या बाईचं काय झालं, हे लिहायला फॉर्मवर जागाच नव्हती.

फोटो लावायचं काम माझ्याकडं होतं. एका दुपारी ते टेबलावर पसरून बसले, तर एकच चेहरा तीनदा दिसला. मुरगूडकडची एक बाई. पहिल्या फोटोत हिरवी साडी, दुसऱ्यात जांभळी, आणि तिसऱ्यात तिनं नारळ एकाच हातानं धरलेला, कारण दुसरा हात प्लॅस्टरमध्ये. तीनदा मार खाऊन आली, तीनदा ओटी भरून परत गेली. दर खेपेला नवा फॉर्म, नवा नंबर. तिसऱ्या फोटोत तिच्यामागं ताट धरून उभी होते ती मीच. मला माझीच लाज वाटली.

मी सरांकडं गेले. "सर, ही तीन घरं नाहीत. एकच बाई आहे."

सरांनी फोटो पाहिले. आवाज चढवला नाही. तो ते कधीच चढवत नसत, फार सभ्य माणूस.

"तिन्ही वेळा जुळलं ना?"

"जुळलं, पण सर, तिचा हात..."

टक टक. "कथा नको, बाई. तीनदा जुळलं, तीन लिहा."

मी तीन लिहिले. त्या दिवशी मला सरांची किळस आली आणि माझीही आली.

महिन्याभरानं मंत्रालयातले पाहुणे केंद्रात यायचे होते. त्यांना एक समेट प्रत्यक्ष दाखवायचा, असं सरांच्या मनात. नेमकी त्याच सकाळी ती बाई चौथ्यांदा आली. ओठ सुजलेला. फोन गेला तसा नवराही इस्त्रीचा शर्ट घालून हजर झाला. सरांचा चेहरा खुलला. "बाई, ताट तयार ठेवा," मला म्हणाले.

मी ताट घेऊन आतल्या खोलीत गेले. तिनं ताट बघितलं आणि पदर आवळून घेतला.

"ताई, ह्या टायमाला वटी नगं. मी न्हाय जायाची. आता गेले तर माझं मढंच भाईर येतंय बघा."

"मग काय करू मी?"

"कोर्टात द्यायचा कागद असतोय म्हणं. त्यो ल्हिवा की. मागं दोनदा मागितला, कुणी दिला न्हाय."

तो कागद म्हणजे घरात झालेल्या हिंसाचाराचा अहवाल. कायद्यानं तो तिच्या हक्काचा. त्यावरून कोर्ट नवऱ्याला लांब ठेवू शकतं. केंद्राच्या कपाटात त्याचे कोरे गठ्ठे पडून होते, कारण तो लिहिला की घर जुळलं म्हणता येत नाही. मी ताट खिडकीत ठेवलं, एक कोरा कागद काढला आणि लिहायला बसले. ती लग्नानंतरच्या पहिल्या थपडेपासून सांगत गेली.

सर दारात आले. "बाई, पाहुणे खोळंबलेत. काय लिहिताय?"

"कथा, सर."

टोपण वाजवायला तिथं टेबल नव्हतं. मग समुपदेशक बाई आत आल्या, सगळं वाचलं आणि सही केली. ओट्या भरून भरून त्यांचाही जीव विटला असावा. सरांनी पाहुण्यांना तांबडा-पांढरा रस्सा खायला नेलं.

माझं काम त्याच आठवड्यात सुटलं. सर पुढं कुठल्याशा समितीवर दिल्लीला गेले, ते पुन्हा दिसले नाहीत. त्यांनी कुणाचं वाईट चिंतलं नाही, हेही सांगायला हवं. तक्ता स्वच्छ असावा एवढीच त्यांची इच्छा. त्यात बाई मावेना, तेव्हा त्यांनी बाईच छाटली.

परवा ती मला भेटायला आली. नवऱ्याला तिच्या आसपास फिरकायची बंदी आहे, ती खोली घेऊन राहते आणि दूध डेअरीत कामाला जाते. माझ्या कपाटात सरांचा जाडजूड अहवाल होता. पहिल्याच पानावर 'माझ्या भगिनींना' अर्पण केलेला.

"ह्यात मी कुठं हाय?" तिनं विचारलं.

मी तिन्ही फोटो दाखवले. चेहरे पुसट केलेले, तरी प्लॅस्टरचा हात तिनं ओळखला.

"आणि चौथी खेप?"

मी शेवटचा तक्ता काढला. 'अपयशी प्रकरणे' या रकान्यावर बोट ठेवलं. "इथं."

तिनं त्या रकान्यावर आपलंही बोट टेकवलं.

"म्हंजे मार खायाला माघारी गेले तवा तीनदा पास, आणि जित्ती ऱ्हायले तर नापास व्हय?"

एवढं बोलून ती हसली, अहवाल मिटून माझ्या हातात दिला आणि डेअरीची वेळ झाली म्हणून उठली.