अनुभवाची चिठ्ठी

"बायांनो, मशीनच्या पाया पडा अन् घरी जा," मुनीम म्हणला.

आम्ही बावीस बाया. लातूरच्या त्या डाळमिलमधी मी अकरा वर्षं तूरडाळ निवडली. मांडी घालून बसायचं, पुढ्यात ढीग, दिवसभर मान खाली. त्या दिवशी आमच्या बसायच्या जाग्यावर नवं मशीन उभं व्हतं. झेंडूचा हार, हळदीकुंकू. आम्हाला वाटलं पूजा हाय, प्रसाद मिळंल, मंग काम सुरू व्हईल. नारळ फुटला, अन् मुनीम हे बोलला.

सगळ्या बाया रांगेनं पाया पडल्या. मी बी पडले. डोकं टेकवलं त्या पत्र्याला. थू! ज्यानं माझी भाकर खाल्ली त्यालाच नमस्कार. आज बी आठवलं की कपाळ पुसावं वाटतंय.

त्याहून घाण गोष्ट सांगते. त्या मशीनला शिकवलं मीच. आठ दिवस आधी बाहेरगावचा इंजिनेर आला व्हता. मशीनच्या पोटात कॅमेरा असतोय. खराब दाणा दिसला की फुस्स करून हवेनं उडवतंय. पण खराब म्हणजी काय, ते आधी कुणीतरी दाखवावं लागतंय. मुनीमानं माझ्याकडं बोट केलं, "हिची नजर लई पक्की हाय." मी ताटं भरून दिली. ह्यात किडकी, ह्यात काळी पडलेली, ह्यात साल न सुटलेली, ह्यात खडे. इंजिनेर म्हणला, "मावशी, अशी नजर मी कुठंच बघितली न्हाई." मी हुरळले. घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, चहात साखर जास्त टाकली. माझीच मला शिसारी येतीय.

मंग दोन महिने मी लातूरच्या मिला पालथ्या घातल्या. गेटवरूनच उत्तर. "मशीन हाय, बाया नकोत." एक जण म्हणला, "चाळिशीची झालीस की, घरी नातवंडं सांभाळ." कसली नातवंडं? माझी पोरगी अजून नर्सिंगला शिकायलीय. पोती उचलून उचलून नवऱ्याची कंबर गेलीय. घर माझ्यावर हाय.

मिलमधी माझ्या शेजारी शेवंता बसायची. तिनं खबर आणली. औसा रोडला बियाण्याचं गोदाम हाय, तिथं बियाणं पारखायला बाई पायजे. गेले. मॅनेजर तरुण व्हता. म्हणला, "मावशी, अकरा वर्षं काम केलं ना? मंग मिलमालकाच्या सहीनं अनुभवाची चिठ्ठी आणा. लगेच घेतो."

एवढंच पायजे व्हतं. एक कागद.

मुनीम म्हणला, अक्काला विचार. अक्का म्हणजी मालकीण. तिच्या बंगल्यावर गेले. ती म्हणली, "देते की गं. पण पोरीचं लग्न हाय. आधी लग्नाची दोन पोती डाळ निवडून दे."

"अक्का, मशीनची डाळ हाय की," मी म्हणले.

"ती बाजाराला. पाव्हण्याच्या ताटात खडा निघाला तर आमची इज्जत राहील का?"

ऐका! बाजारातल्या माणसाच्या दाताखाली खडा आला तर चालतंय.

तीन दिवस निवडली. बंगल्याच्या मागं, धुण्याच्या दगडापशी, पोत्यावर बसून. चहा खिडकीतून. "सयपाकघराकडं येऊ नको गं, देवाधर्माचं घर हाय." माझ्या हातची डाळ आत जाणार, मी न्हाई. किळस आली. पण चिठ्ठी पायजे व्हती. मी मान वर केली न्हाई.

तिसऱ्या दिवशी व्याह्यांकडच्या बाया आल्या. अक्का त्यांना मागं घेऊन आली, माझ्याकडं हात करून म्हणली, "ही बघा आमची बिनविजेची मशीन!"

सगळ्या हसल्या. अन् मी बी हसले. सवयीनं. बेशरम तोंड.

डाळ संपली तवा मी म्हणले, "अक्का, झालं. चिठ्ठी?"

"इतकी काय घाई? लग्नात चार दिवस भांड्याला ये, मंग बघू. अन् जाताना पदर झाडून जा."

पाव्हण्या बायांपुढं म्हणली. मिलमधी रोज संध्याकाळी गेटवर पदर झाडून दाखवावा लागायचा, डाळ चोरली का म्हणून. अकरा वर्षं झाडला. एक दाणा कधी पडला न्हाई.

मी उठले. पदर कमरेला खोचला. तीन दिवसाचे खडे, किडकी डाळ, सगळं एका पाटीत व्हतं. ती पाटी उचलली अन् निवडलेल्या डाळीत उपडी केली. कोपरापर्यंत हात घालून ढवळली.

"अगं, येडी झालीस का?" अक्का किंचाळली.

"न्हाई अक्का. आता मशीनला सांगा."

बंगल्याला वळसा घातला अन् पुढच्या गेटनं गेले.

घरी नवरा भडकला. "एकदा पदर झाडला असता तर काय बिघडलं असतं? आता खायचं काय?"

"अकरा वर्षं झाडला, काय भलं झालं?" मी म्हणले. त्यानं ताट बाजूला सारलं. मी बी जेवले न्हाई. चिठ्ठी गेली व्हती, ते खरंच.

सकाळी गोदामावर गेले. "चिठ्ठी न्हाई. मिळणार बी न्हाई. तुमचं बियाणं आणा," मी म्हणले.

"तसं चालत न्हाई, मावशी."

मी जाग्यावरून हालले न्हाई. तो दोनदा आत गेला, दोनदा बाहेर आला. शेवटी वैतागून ताटात सोयाबीन ओतलं. मी बसले. फुटकं, सुरकुतलेलं, जांभळ्या डागाचं, दुसऱ्या वाणाचं मिसळलेलं. वेगळं करून पुढं सरकवलं. त्यानं भिंग लावून बघितलं. आणिक एक ताट ओतलं. परत बघितलं.

"सोमवारपासून या. महिनाभर बघतो."

"महिन्यानं काम पसंत पडलं तर माझ्या नावाचा कागद देणार का?"

"बघू."

"बघू न्हाई साहेब, द्यावा लागंल. अन् मी सोमवारी एक बाई संगं आणणार हाय. शेवंता. तिच्याकडं बी चिठ्ठी न्हाई. तिच्यापुढं बी ताटच ठेवा."

काम लागलं. गोड वाटलं का? न्हाई वाटलं. एका सहीसाठी मी तीन दिवस धुण्याच्या दगडापशी बसले, ते तोंडातून जात न्हाई.

कळलं, अक्का आता मिलमधल्या दुसऱ्या बायांना डाळ निवडायला बोलवायलीय, चिठ्ठी देते म्हणून. मी एकवीस घरं फिरले. दोघी म्हणल्या, पोट हाय, जावं लागंल. त्यांना म्हणलं, जा, पण आधी चिठ्ठी हातात घ्या, मंग सुपाला हात लावा. बाकीच्या एकोणीस जाणार न्हाईत. अन् मी तर उपाशी मेले तरी जाणार न्हाई.