नसीमबाईंची फियाट आणि पोशादादाचा धोंडा

बंपर सुटला तेव्हा धक्क्यावर जमलेली चाळीस-पन्नास माणसं एकदम गप्प झाली. खाडीकाठची माणसं गप्प होणं ही साधी गोष्ट नाही. त्या शांततेत ट्रॅक्टर मात्र बंपर खडखड ओढत दहा पावलं पुढे गेला. ड्रायव्हर दिनेशला वाटलं, गाडी निघाली. तो वळून हसलासुद्धा.

गाडी होती तिथेच होती. उतारावरून खाली, तोंड खाडीकडे, पुढची चाकं अर्धी चिखलात.

दोर मागच्या बंपरला मीच बांधला होता.

डॉक्टर नसीमबाई शांतपणे माझ्याजवळ आल्या. "मिस्त्री, हे मुद्दाम केलंत का?"

"नाही, बाई."

"मग ठीक. मला वाटलं, अशीच पद्धत असेल."

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. पेणला माझं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, एक खड्डा आणि पाटीवर माझ्या नावापुढे 'ऑटो इंजिनिअर'. ते इंजिनिअर मीच लावून घेतलं होतं. माझी बायको रोह्याची. ती पाटी बघून म्हणाली होती, "आमच्याकडे ह्याला मिस्त्री म्हणतात." गिऱ्हाइकंही मिस्त्रीच म्हणायची.

नसीमबाईही मूळच्या रोह्याच्याच. पेणला दवाखाना. पण आठवड्यातले दोन दिवस वडिलांची जुनी फियाट घेऊन त्या खाडीकाठच्या गावांत जायच्या. त्या गावांना दुसरा डॉक्टर नव्हता आणि एसटी आली तर यायची. निम्मं गाव बाईंच्या हातावर जन्मलेलं. म्हणून गाडी चिखलात गेली हे कळल्यावर शेतातले, मिठागरावरचे, सगळे हातातलं टाकून धक्क्यावर आले होते.

ती चिखलात गेली कशी, हे सांगायला मला आजही जड जातं.

फियाटचा हँडब्रेक लागत नव्हता. हँडब्रेक म्हणजे एक लोखंडी केबल असते. जुनी झाली की ती ताणते, मग तुम्ही दांडा कितीही वर ओढा, मागची चाकं काही घट्ट होत नाहीत. केबल बदलायला दोन तास लागतात. बाईंनी दोन महिन्यांपूर्वीच सांगितलं होतं. मी म्हणालो, "पुढच्या खेपेला करू. तोवर चाकाला दगड लावत जा." आमच्याकडे त्या काळी निम्म्या गाड्या दगडावरच उभ्या असायच्या. पुढच्या खेपेलाही मी हेच सांगितलं. त्याच्या पुढच्याही.

त्या दिवशी बाईंनी गाडी धक्क्याच्या उतारावर लावली. दगड शोधला. एक छान, गोल, भरीव धोंडा काठावर पडला होता, तो पुढच्या चाकाखाली सरकवला आणि पोशादादाच्या होडीतून पलीकडच्या तीरावर एका बाळंतिणीला बघायला गेल्या. बाईंना सोडून पोशादादा परत आला. होडी नांगरायला धोंडा बघतो तर जागेवर नाही. त्याचा नांगर म्हणजे तोच धोंडा होता. पोशादादाने चाकाखालून आपला धोंडा काढला, होडीत ठेवला आणि विडी पेटवली. विडी अर्धी व्हायच्या आत गाडी त्याच्या शेजारून खाली गेली.

"यवरी मोठी गारी," तो मला पुन्हापुन्हा सांगत होता, "येका धोंड्यावर उबी आसंल, ह्ये कुनाच्या ध्यानात येल?"

मी मान हलवत होतो. कबूल काही करत नव्हतो.

निरोप मिळून मी पेणहून पोचलो, तोवर पोशादादाने बाईंना पलीकडून परत आणलं होतं आणि ओहोटी संपून भरती लागली होती. पोशादादाने पाण्याकडे बघून सांगितलं, "तासाभरात पानी गारीच्या तोंडात." खारं पाणी इंजिनात आणि वायरिंगमध्ये गेलं की तिथे रिपेअरिंगचा विषय संपतो. उरतं ते भंगार. त्या तासातली वीस मिनिटं बंपरने खाल्ली होती.

आता सामान्य माणसाला सांगतो. बंपर पुढचा असो की मागचा, तो शोभेला असतो. दोन-चार बोल्टांवर बसवलेला पत्रा. त्याला बांधून गाडी ओढणं म्हणजे सदऱ्याच्या बटणाला धरून माणूस विहिरीतून वर काढणं. मला हे ठाऊक होतं. पण चिखलात आडवं व्हायचा कंटाळा, वर दिनेशची घाई. तो डोलवीला कंपनीच्या कामावर माती ओढायचा, दोनला त्याची खेप होती. त्याने दोर ताणून न घेता ट्रॅक्टरला झटका दिला. झटका त्याचा, गाठ माझी.

मी शर्ट काढला आणि गाडीखाली शिरलो. मागच्या दोन चाकांना जोडणारा जाड लोखंडी दांडा असतो, त्याला अ‍ॅक्सल म्हणतात. गाडीचा मागचा सगळा भार त्याच्यावर. दोर बांधायचा तो तिथे, स्प्रिंगच्या पाट्यांच्या जवळ, दोन्ही बाजूंना, म्हणजे ओढ सारखी बसते. एकच काळजी घ्यायची. त्याच अ‍ॅक्सलवरून ब्रेकची बारीक नळी जाते, ती दोराखाली चेपता कामा नये. चिखलात पालथा पडून मी ती नळी बोटाने चाचपत होतो. पुढून पाण्याचा लप्‌लप् आवाज ऐकू येत होता.

दोर नायलॉनचा होता, होडीचा. त्याच्या टोकाला लोखंडी हुक होता, तो मी आधी सोडवला. दोर तुटला तर तो हुक बंदुकीच्या गोळीसारखा जातो. पण हुक काढला म्हणजे गाठ मारायला हवी, आणि माझ्या गाठीचा पराक्रम गावाने नुकताच पाहिला होता.

"पोशादादा, गाठ तुम्ही मारा," मी म्हणालो.

तो माझ्या शेजारी आडवा झाला. साठीचा माणूस. होडी बांधायची गाठ त्याने दोन्ही बाजूंना अशी घातली की बघत राहावं. दुसरं टोक ट्रॅक्टरच्या मागच्या खालच्या आकड्याला बांधलं. वर बांधलं तर ओढताना ट्रॅक्टरच पुढून उचलतो. फियाट न्यूट्रलमध्ये टाकली आणि पुढची चाकं सरळ राहावीत म्हणून स्टीअरिंग माझ्या पंच्याने बांधलं. आत कोणालाही बसवलं नाही.

पंचा बांधून मी मागे वळलो.

दोन्ही बाजूंनी सगळं गाव दोराला हात लावून उभं होतं. बाया, बाप्ये, म्हातारे. त्यांचंही बरोबर होतं. होडी काठावर ओढायची तर प्रत्येकाने हात लावायचा, ही तिथली रीत. जो हात लावत नाही त्याला गावात माणूस धरत नाहीत. आणि आज तर बाईंची गाडी होती.

पण होडी हातांनी ओढतात. इथे पुढे ट्रॅक्टर होता.

नायलॉनचा दोर ताणला की लांबतो, गलोलीच्या रबरासारखा. तुटला तर दोन्ही टोकं चाबकासारखी मागे येतात. माझे रोह्याचे उस्ताद, ज्यांच्याकडे मी काम शिकलो, त्यांचे समोरचे दोन दात अशाच दोराने नेले होते. ते म्हणायचे, "दोर ताणायच्या आधी त्याला भिजव, पांघरूण घाल आणि आपण लांब जा. तान्ह्या पोराजवळ थांबतात, दोराजवळ नाही." पांघरूण म्हणजे ओलं, जड काहीतरी दोराच्या मध्यावर टाकायचं. दोर तुटला तर ते वजन त्याला खाली पाडतं.

"सोडा, सोडा दोर! लांब व्हा!" मी ओरडलो.

"तू बंपर संबाल!" मागून कोणीतरी म्हणालं. सगळे हसले. दोर कोणी सोडला नाही.

पाणी पुढच्या चाकांना लागलं होतं.

"बाई, तुम्ही सांगा," मी म्हणालो.

नसीमबाई धक्क्याच्या कट्ट्यावर चढल्या. आवाज चढवला नाही. "हा दोर तुटला तर डोळा जाईल. मी डोळे शिवत नाही. ज्याला दोन्ही डोळे हवेत, त्याने त्या वडाखाली जाऊन उभं राहायचं. म्हादू, तू सुद्धा. तुझा एक आधीच बारीक आहे."

माणसं हसत, कुरकुरत हलली. वड ट्रॅक्टरच्या बाजूला लांब होता, दोराच्या रेषेबाहेर. मी पांघरुणाला पोतं मागत होतो, पण पोती मिठागरावर. शेवटी पोशादादाची बायको चांगुबाय कुंपणावर वाळत घातलेली गोधडी घेऊन आली.

"नवी हाय रं, मिस्त्री. लेकीच्या लग्नात आलेली."

"परत देतो, मावशी."

"बंपर दिलास तशी?"

मी गोधडी खाडीत बुचकळली आणि दोराच्या मध्यावर घातली. वळून बघतो तर एक माणूस अजून गाडीमागे उभा. पोशादादा. दोन्ही हातांनी दोर धरलेला, आपल्या गाठीच्या अगदी जवळ.

"दादा, सोडा."

"मी सोरनार नाय. धोंडा माजा व्हता. माज्यापायी गारी गेली. बाय गावात आली नाय त लोक माज्या दारात थुकतील."

"दादा, दोर तुटला तर..."

"तुटूं दे."

दिनेश ट्रॅक्टरवरून ओरडला, "मिस्त्री, माजी खेप चाललीय! वडू का नको?"

"थांब!" मी म्हणालो. मी पोशादादाचा दंड धरून ओढला. मिठाची गोण उचलणारा दंड तो. माझ्या हातात काय येणार? पाणी पुढच्या बंपरच्या खाली चार बोटांवर आलं. बाई माझ्याकडे बघत होत्या. मला सांगायचं काय ते पूर्ण ठाऊक होतं. ते वडाखालच्या पन्नास माणसांसमोर सांगायचं नव्हतं, एवढंच.

"दादा, चूक धोंड्याची नाही," मी म्हणालो. आवाज नको तितका मोठा निघाला. "गाडी धोंड्यावर उभी करायची नसते. तिला ब्रेक असतो. तो बिघडलेला होता आणि मी तीन खेपा पुढे ढकलला. बाईंना दगड लावायला मीच सांगितलं. गाडी माझ्यामुळे गेली."

वडाखाली पुन्हा ती शांतता. एका दुपारी दोनदा, माझ्याच कृपेने.

पोशादादाने मान वळवली. मग म्हणाला, "आन् मगासपासून नुसती मान हलवतोस?"

त्याने दोर सोडला. आम्ही दोघं कडेने, रेषा सोडून, कट्ट्यामागे गेलो. मी हात वर केला. दिनेशने ह्या वेळी पहिल्या गिअरमध्ये हळूहळू दोर ताणून घेतला. दोर सरळ झाला, बारीक झाला, त्यातून पाणी गळायला लागलं. गाडी एक वीतभर मागे आली. दोन वीत. वडाखालून ओरडा झाला.

आणि फटाका फुटावा तसा आवाज आला.

दोर धक्क्याच्या दगडी कडेवर घासला होता. कडेखाली काहीतरी घालायला हवं होतं, ते मी विसरलो. तुटलेलं टोक गोधडी घेऊन मागे आलं, गोधडीच्या वजनाने अर्ध्या वाटेत खाली झुकलं, पण पुरतं पडलं नाही. फियाटचा उजवा टेललाइट फुटला. जमिनीपासून गुडघाभर उंचीवर. मिनिटापूर्वी पोशादादा नेमका तिथे उभा होता.

तो त्या काचांकडे बघत होता. एक हात आपोआप गुडघ्यावर गेला.

"गाठ सुटली नाय," तो म्हणाला.

"नाही, दादा. गाठ सुटली नाही."

मग कोणाला काही सांगावं लागलं नाही. पोशादादाने होडीतली फळी आणून कडेवर घातली. उरलेला दोर दुहेरी करून पुन्हा बांधला. ट्रॅक्टर मागे घेतला. गोधडी पुन्हा भिजवून वर टाकली. चार जणांनी घमेल्यांनी चाकांभोवतीचा चिखल काढला, आणि काम झाल्यावर ते स्वतःहून वडाखाली गेले. पाणी पुढच्या बंपरला टेकलं होतं.

दिनेशने गिअर टाकला. ह्या वेळी कोणी ओरडलं नाही. चिखलाने एक लांब आवाज केला आणि गाडी सोडली. फियाट मागे मागे, चिखल गाळत, धक्क्यावर चढली, उतार चढली, वर सपाटीच्या अलीकडे आली. पुढे ट्रॅक्टरला जागा नव्हती. मी हात केला आणि तो थांबला.

गाडी उतारावर, आणि हँडब्रेक नाही. दोर सोडला तर पुन्हा खाली.

"धोंडा!" सगळं गाव एकदम ओरडलं.

पोशादादा धोंडा छातीशी धरून कडेकडेने आला आणि चाकाखाली घातला. मग दोन वेळा लाथ मारून बघितलं. मग माझ्याकडे बघून विचारलं, "आता सोरू?"

पाव तासाने आम्ही जिथून गाडी काढली तिथे कमरेभर पाणी होतं आणि त्यात कोणाची तरी बदकं पोहत होती.

हँडब्रेकची केबल मी त्याच संध्याकाळी बदलली. खरंच दोन तास लागले. बंपर दुसऱ्या दिवशी बसवला. गोधडी अर्धी फाटली होती. माझ्या बायकोने चांगुबायला नवी शिवून दिली, आणि शिवताना प्रत्येक टाक्याला मला हाक मारून विचारलं, "इंजिनिअर, बंपरला बांधतात का हो दोर?"

महिन्याने मी धक्क्यावरून जात होतो. फियाट उतारावर उभी. हँडब्रेक वर ओढलेला, आणि पुढच्या चाकाखाली तोच गोल धोंडा. पोशादादाने तो बाईंना देऊन टाकला होता आणि स्वतःसाठी लोखंडी नांगर आणला होता.

बाई होडीतून उतरत होत्या. मी जरा दुखावून म्हणालो, "बाई, आता केबल नवी आहे. दगड कशाला?"

बाईंनी बॅग सीटवर ठेवली, वाकून धोंडा काढला आणि डिकीत टाकला.

"केबलवर विश्वास आहे हो, मिस्त्री," त्या म्हणाल्या. "केबलने मला कधी 'पुढच्या खेपेला करू' असं सांगितलं नाही."