आगीचं पाणी

अजूनही कुठल्या नव्या इमारतीत शिरलो की मी आधी लिफ्ट शोधत नाही, लाल बादल्या शोधतो. त्यांत वाळू आहे की कुणी पान थुंकलंय, जिन्यात कपाटं कोंबून ठेवली आहेत का, गच्चीच्या दाराला कुलूप आहे का, हे सगळं पाहून होईपर्यंत मला चैन पडत नाही. नातू वैतागतो. "आजोबा, आपण दाताच्या डॉक्टरकडे आलोय," म्हणतो. वैतागू दे. चौथ्या मजल्यावर आ वासून बसायचं आणि खाली उतरायची दुसरी वाट माहीत नसायची, हे माझ्याच्याने होत नाही. खुर्चीत बसलो तरी पाय हलत राहतात.

हे खूळ मला संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या दिवसांत लागलं. मी तेव्हा वीस-बावीस वर्षांचा होतो. परळच्या चाळीत राहायचो आणि फोर्टातल्या एका सात मजली ऑफिसात कामाला जायचो. त्या काळी सात मजले म्हणजे खालून बघताना मान दुखायची. माझ्या कामाला कागदावर भारदस्त इंग्रजी नाव होतं, पण इमारतीत सगळे मला 'आगवाला' म्हणत. "काय आगवाले, आज कुठं लागली?" असं कारकून जाता-येता विचारत आणि स्वतःच हसत. आग कधी लागत नसे, त्यामुळे मी फुकटचा पगार खातो असं सर्वांचं एकमत होतं.

गच्चीवर दोन टाक्या होत्या. एक पिण्याच्या पाण्याची. तिच्याशी माझा संबंध नव्हता, म्हणजे येऊ दिला नव्हता. मी परळच्या कुठल्या चाळीतून येतो हे पहिल्याच आठवड्यात साती मजल्यांना कळलं होतं. अस्पृश्यता कायद्याने गेली होती, पण कँटीनच्या माठाला ते कुणी कळवलेलं नव्हतं. मी माठाकडे वळलो की कँटीनवाला लगबगीने पुढे व्हायचा आणि वरून पाणी ओतायचा. मी ओंजळीने प्यायचो. दुसरी टाकी आगीची. तिचं पाणी कुणी पीत नसे, म्हणून ती माझ्या ताब्यात दिली तरी चालत होती.

ती मला मिळाली तांडेलांमुळे. तांडेल म्हणजे माझे वरिष्ठ. मूळचे मालवणचे, वडील गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके, होते म्हणून यांनाही तेच नाव चिकटलेलं. उभी हयात बंबखान्यात आगी विझवण्यात काढून निवृत्तीनंतर ते या इमारतीत आले होते. माझ्या नेमणुकीवर कुरबुर झाली तेव्हा ते मोठ्या साहेबाला म्हणाले होते, "साहेब, आग लागली तर ह्याच्या हातचं पाणी नको म्हणणार काय?" साहेबाने सही करून टाकली. मला हे कँटीनवाल्याकडून कळलं. तांडेलांनी स्वतः कधी बोलून दाखवलं नाही.

रोज पाच वाजता मी गच्चीवरच्या टाकीची शिडी चढायचो आणि आत बांबू सोडायचो. बांबूवर दहा खुणा होत्या. खाली आलो की तांडेल चष्मा लावून वही उघडत आणि विचारत, "पाणी किती आसा?" मी म्हणायचो, "दहा." ते लिहून घेत. इतक्या दिवसांत एकदाही ते खरंखोटं बघायला शिडी चढले नाहीत. मी सांगेन ते पाणी.

एके दिवशी चळवळीचा मोर्चा होता आणि सकाळपासून फोर्टात माणसांचा लोंढा होता. दुपारी साहेबाने मोठा दरवाजा लावून घ्यायला सांगितला, फक्त त्यातलं एका माणसापुरतं दिंडीदार उघडं राहिलं. आत तीनशे माणसं होती. काम कुणी करत नव्हतं, सगळे खिडक्यांना लटकले होते. तांडेल पाइपाचा एक पितळी सांधा दुरुस्त करून आणायला सकाळीच बंबखान्यात गेले होते. जाताना म्हणाले, "लक्ष ठेव." मी म्हटलं, "हो."

मग चौकात अश्रुधूर सुटला. दिंडीदारातून माणसं आत घुसायला लागली. डोळे मिटलेले, नाकातोंडातून पाणी चाललेलं, कुणी भिंत चाचपडत, कुणी दुसऱ्याचा सदरा धरून. "पाणी, पाणी" एवढंच ऐकू येत होतं. तळमजल्यावरचा नळ सोडला तर तो नुसता फुसफुसला. पिण्याची टाकी दुपारपर्यंत संपली होती आणि पुढचं पाणी थेट दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होतं. आगीची टाकीही त्याच सकाळच्या पाण्यावर भरायची.

मी सात मजले धावत चढलो, आगीच्या टाकीचा मुख्य कॉक उघडला, धावत खाली आलो आणि जिन्याजवळच्या पाइपाचं तोंड सैल केलं. पाण्याला लोखंडाचा, गंजाचा वास होता. कुणाला त्याची पर्वा? माणसं माझ्यासमोर ओंजळी धरून उभी राहिली. डोळे धुतले, तोंड धुतलं आणि मग ते पाणी प्यायलेसुद्धा.

पाच-दहा मिनिटांत बंद करायचं असं मी ठरवलं होतं. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचे हेडक्लार्क खाली आले. खिडकीत उभे होते, धूर सरळ डोळ्यांत गेला होता. हे गृहस्थ माझ्या हातून कागद घेत नसत. "तिथे ठेव" म्हणत, आणि मी टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवून मागे सरलो की उचलत. त्यांनी माझ्यापुढे ओंजळ धरली. मी पाणी सोडलं. ते प्यायले आणि म्हणाले, "अजून थोडं दे रे, बाबा."

पुढे मी चारचौघांत सांगत आलो की मी पाणी चळवळीसाठी दिलं. ते अर्धंच खरं आहे. मला पाणी बंद करवेना. जन्मात पहिल्यांदा माणसं माझ्याकडे पाणी मागत होती आणि मी देत होतो. मला मोठा आनंद झाला होता, छाती भरून आली होती, आणि टाकी रिकामी होतेय हे त्याच वेळी मला पक्कं माहीत होतं. दोन तास मी ते पाणी वाहू दिलं.

शेवटच्या माणसांत तांडेल आले. खांद्याला पिशवी, तिच्यात दुरुस्त केलेला सांधा, आणि डोळे लालबुंद. मी त्यांना बाकावर बसवलं, उरल्यासुरल्या धारेने त्यांचे डोळे धुतले. डोळे मिटलेले असतानाच त्यांनी विचारलं, "टाकी?"

"भरलेली आहे, तांडेल," मी म्हणालो.

का खोटं बोललो? भीतीने. 'यांच्या हातात पाणी दिलं की असंच होणार' हे वाक्य मला सात मजल्यांवरून ऐकू यायला लागलं होतं. शिवाय वाटलं, एका रात्रीचा तर प्रश्न आहे, सकाळी पंप लावून भरून टाकू. तांडेलांनी मान हलवली आणि सांधा बसवायला घेतला.

मी वर जाऊन बांबू सोडला. एक खूणही धड ओली झाली नाही. कॉक बंद केला आणि तिथून माझ्या जिवाची जी काहिली सुरू झाली ती आजपर्यंत पुरती थांबलेली नाही. रस्त्यावर टायर जळत होते. आत तीनशे माणसं अडकलेली, हाताला काम नाही, म्हणून जो तो बिडी-सिगारेट ओढत बसलेला. मी मजल्यामजल्यावरून फिरत होतो. कँटीनचा स्टोव्ह विझवला. एकाच्या तोंडातली बिडी काढून पायाखाली चिरडली. "आगवाल्याला धूर चढला," असं कुणीतरी म्हणालं आणि सगळा मजला हसला. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण सांगितलं असतं तर चेंगराचेंगरी झाली असती, असं मी मनाला समजावलं. खरं तर सांगायचं धाडसच नव्हतं. तांडेलांच्या समोरून मी तीनदा गेलो आणि तिन्ही वेळा काही न बोलता पुढे निघालो.

साडेचारच्या सुमारास घंटा वाजली. पाचव्या मजल्यावर रेकॉर्ड रूममध्ये कुणीतरी थोटूक टाकलं होतं आणि फायलींचे गठ्ठे पेटले होते. वर दोन मजले माणसांनी भरलेले, उतरायचा जिना त्याच दाराजवळून. घंटा झाली की तांडेलांनी पाइप घेऊन आगीपाशी जायचं आणि मी गच्चीवर जाऊन कॉक उघडायचा, अशी आमची रीत होती. मी आपला गच्चीवर धावलो. कशासाठी धावलो? त्यांना गाठून खरं सांगायला हवं होतं. पाय सवयीने वर गेले.

खालून त्यांची आरोळी आली, "सोड पाणी!"

मी कॉक उघडला. पाइप गुरगुरला, मग त्यातून नुसती हवा गेल्याचा आवाज आला.

"सोड रे!" पुन्हा आरोळी आली. मी जिन्याने खाली उड्या मारत सुटलो. पोचलो तेव्हा तांडेलांनी पाइप टाकून दिला होता. धुरात शिरून ते पेटलेले गठ्ठे नुसत्या हातांनी ओढत होते आणि चौकाकडच्या खिडकीतून खाली फेकत होते. मी वाळूच्या बादल्या ओतल्या, निम्म्या बादल्यांत थोटकं आणि पानाच्या पिंका. वरची माणसं तोंडाला रुमाल लावून आमच्या पाठीमागून उतरत होती. शेवटचा माणूस उतरेपर्यंत तांडेल गठ्ठे ओढत राहिले. आग विझली. एकालाही चटका बसला नाही. फक्त त्यांचे दोन्ही तळहात गेले.

चौकशी झाली. पाइपाला पाणी का आलं नाही, साहेबाने विचारलं. हाताला पांढऱ्या पट्ट्या गुंडाळलेले तांडेल म्हणाले, "सांधा नवा बसवला होता. हवा अडकली. माझी चूक." मी शेजारी उभा होतो. मी तोंड उघडलं नाही. याची मला अजून लाज वाटते.

जखमा भरल्या, पण बोटं आखडली ती आखडलीच. पेन धरता येईना. मग वहीसुद्धा मीच लिहायला लागलो. रोज पाच वाजता त्यांचा प्रश्न तोच, "पाणी किती आसा?" मी दोन-दोनदा बांबू सोडायचो आणि म्हणायचो, "दहा." ते म्हणायचे, "लिही." एकदा तरी त्यांनी शिडी चढून बघावं, माझ्यावर संशय घ्यावा, शिवी द्यावी, असं मला वाटायचं. ते कधी वर गेले नाहीत.

दरम्यान आमच्या घरी दीक्षा झाली. विहारात सगळ्यांबरोबर पंचशील म्हणताना चौथ्या शीलापाशी, खोटं न बोलण्यापाशी, माझा आवाज आपोआप खाली जायचा. आईने एकदा विचारलं, "घसा धरलाय का तुझा?"

मग महाराष्ट्र झाला. मुंबई आपल्याला मिळाली. इमारतीवर रोषणाई करायची ठरली आणि संध्याकाळी गच्चीच्या कठड्यावर ओळीने पणत्या लागल्या. हेडक्लार्क पेढे वाटत होते, मला त्यांनी हातावर पेढा ठेवून दिला. मी प्रत्येक दहा पणत्यांमागे एक भरलेली बादली ठेवत फिरत होतो. तांडेल टाकीखाली स्टुलावर बसले होते. त्यांना काडी धरता येत नव्हती, म्हणून त्यांच्या वाटची पणती मी लावली. आणि तिथेच मला राहवलं नाही.

"तांडेल, त्या दिवशी मी खोटं बोललो. टाकी रिकामी होती. मीच केली होती."

ते पणतीकडे बघत म्हणाले, "माका म्हायत होतां."

"कधीपासून?"

"तेवाच. डोळ्यांत घातलंस त्या पाण्याक गंजाचो वास येय होतो."

"मग वाळू घ्यायची सोडून पाइप घेऊन का धावलात?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, मी काहीतरी अगदी साधी गोष्ट विचारल्यासारखं.

"तू भरलेली आसा म्हणालंस मां?" ते म्हणाले.

मी उठलो, शिडी चढलो आणि बांबू सोडला. खाली येऊन त्यांना सांगितलं, "दहा." ते म्हणाले, "लिही."